मणक्याची इजा: भरपाईचा दावा उभा राहतो तो कागदावर

'माणूस स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेला होता, ऑपरेशन झाले आणि पाय हललेच नाहीत.' मणक्याच्या उपचारांत काही बिघडले की नातेवाइकांच्या तोंडी हेच वाक्य येते. रुग्णालयाचे उत्तरही ठरलेले असते. आजारच गंभीर होता, धोका आधी सांगितला होता, सही घेतली होती. पुढे वकील, नोटीस, तक्रार आणि कित्येक वर्षांच्या तारखा सुरू होतात. दरम्यान घरातला कमावता माणूस खाटेवर असतो आणि त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला घरातल्याच दुसऱ्या माणसाने मजुरी सोडलेली असते.

अशा प्रकरणांत चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते, तो म्हणजे डॉक्टर चुकले की नाही. मणक्याच्या बाबतीत त्याआधीचा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो. मज्जारज्जूला इजा नेमकी कधी झाली? अपघातात, वाहतुकीत, भूल देताना, शस्त्रक्रियेत, की शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री कोणी पाहिले नाही म्हणून? याचे उत्तर मिळाले तर खऱ्या पीडिताचा दावा टिकतो आणि निर्दोष डॉक्टर सुटतो. मिळाले नाही तर दोघांचेही नुकसान होते. हे उत्तर तोंडी साक्षीत क्वचितच सापडते. ते असते त्या त्या वेळी लिहिलेल्या केसपेपरमध्ये.

हाड जुळते, मज्जारज्जू जुळत नाही

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक बसलेले मणके. त्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा जुडगा उरतो. हातापायांची ताकद, स्पर्श, लघवी आणि शौचावरचा ताबा हे सारे या मार्गावर अवलंबून असते. मोडलेले हाड काही आठवड्यांत जुळते. मज्जारज्जूच्या पेशी एकदा मेल्या की त्या परत उगवत नाहीत. त्यामुळे इथे उपचाराचा मोठा भाग म्हणजे जे शाबूत आहे ते वाचवणे, आणि ते वाचवण्यासाठी हाताशी तासच असतात.

वैद्यकीय निष्काळजीपणाचे आरोप साधारण पाच-सहा प्रसंगांत होतात. अपघातातल्या बेशुद्ध किंवा दारू प्यायलेल्या रुग्णाच्या मानेचे फ्रॅक्चर लक्षातच येत नाही आणि मान न बांधता त्याला हलवले जाते. चकती सरकून कमरेखालच्या नसांच्या जुडग्यावर दाब येतो, बसण्याच्या जागी बधिरपणा येतो, लघवी अडते, पण रुग्णाला 'कंबरदुखी' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाते. मणक्याचा क्षयरोग महिनोन्महिने पाठदुखी समजून चोळला जातो. शस्त्रक्रिया चुकीच्या पातळीवरच्या मणक्यावर होते. कमरेतून भूल देताना किंवा शस्त्रक्रियेनंतर आत रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब येतो आणि पायांतली ताकद कमी होत असल्याचे रात्रभर कोणी तपासत नाही. शेवटचा प्रकार शुश्रूषेतला आहे. रुग्णाला वेळेवर वळवले नाही की बेडसोअर होतात, ते हाडापर्यंत जातात आणि जंतुसंसर्गाने जीवही जातो.

या प्रत्येक प्रसंगात 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करावी लागते. दाखल होताना पायाची ताकद पाचपैकी किती होती, टाचणी टोचलेली कुठपर्यंत कळत होती, लघवी स्वतःहून होत होती का? शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताच काय होते, सहा तासांनी काय होते? या चार ओळी लिहिलेल्या असतील तर पुढचे बरेच वाद उद्भवतच नाहीत.

हैदराबादचा निकाल

भारतात मणक्याच्या इजेच्या भरपाईचा विषय निघाला की एका निकालाचा उल्लेख होतोच. निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस विरुद्ध प्रशांत धनंका. सर्वोच्च न्यायालयाने तो १४ मे २००९ रोजी दिला.

अभियांत्रिकीचा वीस वर्षांचा विद्यार्थी वारंवार येणाऱ्या तापामुळे तपासणीसाठी गेला. एक्स-रेमध्ये छातीच्या डाव्या बाजूला, मागे कण्यालगत गाठ दिसली. फासळ्यांची झीजही दिसत होती. ऑक्टोबर १९९० मध्ये हृदय व छातीच्या शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केली. संमती घेतली होती ती तपासणीसाठी गाठीचा भाग काढण्याची. प्रत्यक्षात गाठच काढण्यात आली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा कमरेखालचे शरीर लुळे पडले होते.

न्यायालयाने दोन गोष्टींवर बोट ठेवले. कण्यालगतची, नसांपासून उगम पावलेली असू शकणारी गाठ असताना मज्जासंस्थेच्या शल्यविशारदाला आधी विचारले नाही, शस्त्रक्रियेच्या वेळीही सोबत घेतले नाही आणि पूर्वतपासणी पुरेशी झाली नाही. दुसरे, एका गोष्टीसाठी घेतलेली संमती दुसऱ्या गोष्टीसाठी चालत नाही. आणखी एक मुद्दा कायद्याच्या दृष्टीने मोलाचा होता. तक्रारदाराने प्राथमिक पुरावा मांडला की आपण योग्य काळजी घेतली हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयाकडे येते.

राष्ट्रीय आयोगाने १९९९ मध्ये साडेपंधरा लाख रुपये मंजूर केले होते. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम १ कोटीवर नेली आणि १ मार्च १९९९ पासून ६ टक्के व्याज दिले. या तरुणाने व्हीलचेअरवरून नोकरी केली आणि आपली बाजू न्यायालयात स्वतः मांडली. मात्र १९९० ची इजा आणि २००९ चा निकाल यांत १९ वर्षे गेली, हेही विसरता येत नाही.

इथे 'कधी' या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. तरुण चालत आला होता आणि त्याबद्दल वादच नव्हता. बहुतेक प्रकरणे इतकी स्वच्छ नसतात.

वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे

इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डच्या रुग्णालयात १९४७ साली एकाच दिवशी दोन रुग्णांना कमरेतून भूल दिली गेली आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. भुलेच्या औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलच्या द्रावणात ठेवल्या होत्या. काचेला डोळ्यांना न दिसणारे तडे गेले आणि फिनॉल आत झिरपले, असा निष्कर्ष निघाला. तरीही १९५४ मध्ये रुग्ण खटला हरले. असे तडे जाऊ शकतात हे १९४७ मध्ये डॉक्टरांना ठाऊक नव्हते आणि नंतर आलेल्या ज्ञानाच्या चष्म्यातून आधीची घटना पाहू नये, असे न्यायालयाचे म्हणणे होते. निकाल कठोर वाटतो, पण त्यातले तत्त्व आजही लागू आहे. त्या काळी, त्या परिस्थितीत सामान्य कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली का, इतकेच कायदा विचारतो. बरे करण्याची हमी कायदा मागत नाही.

महाराष्ट्रातून याच विषयावरचा मूलभूत निकाल १९६८ मध्ये आला. कोकणातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी १९५३ साली अपघात होऊन मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला लांबचा प्रवास करून पुण्यात आणले गेले. हाड बसवताना अतिरिक्त जोर लावला, पुरेशी भूल दिली नाही आणि त्या धक्क्याने तो दगावला, असे न्यायालयाने मानले. भरपाई होती ३ हजार रुपये. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने त्यात फौजदारी बाजूची भर घातली. डॉक्टरवर गुन्हा चालवायचा तर निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा हवा आणि त्याआधी तपास यंत्रणेने स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे मत घ्यावे.

इजेचे कारण सिद्ध झाले नाही तर काय होते, हे नागपूरच्या एका प्रकरणात दिसले. रस्ता अपघातात जबर जखमी झालेल्या महिलेवर २००४ मध्ये तिथे उपचार झाले. श्वासासाठी नाकावाटे घातलेल्या नळीमुळे श्वासनलिकेला इजा होऊन आवाज गेला, अशी तक्रार होती. राष्ट्रीय आयोगाने भरपाई मंजूर केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तज्ज्ञांच्या मंडळांना निष्काळजीपणा आढळला नव्हता आणि त्या प्रक्रियेमुळेच इजा झाली हे सिद्ध झाले नाही. अपघाताचा रुग्ण, एकाहून अधिक इजा, एकाहून अधिक प्रक्रिया, अशा गुंत्यात नेमकी कोणती गोष्ट कशामुळे झाली हे सांगणे फार कठीण असते. मणक्याच्या रुग्णांत हा गुंता नेहमीचाच आहे.

बीबी ते मोठे शहर: नोंद कुठे हरवते

लोणार तालुक्यातले बीबी हे मेहकर-जालना रस्त्यावरचे गाव. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे सर्वसाधारणपणे तीस खाटा, मोजके डॉक्टर आणि आजूबाजूच्या अनेक गावांचा भार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोमठाणा येथील सप्ताहात प्रसादातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली, तेव्हा या रुग्णालयात जागा पुरली नाही. बाहेर रस्त्यावर दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. ती छायाचित्रे देशभर गेली. खाटा नाहीत, मनुष्यबळ नाही, ही उणीव कोणा एका डॉक्टरची नसते आणि कायदाही तसे मानत नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या रुग्णाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यालाच जबाबदार धरले होते. तातडीचे उपचार देणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि पैशांची अडचण हे त्यातून सुटण्याचे कारण होत नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

आता अशी कल्पना करू. बीबी परिसरातला एक शेतमजूर झाडावरून पडला. पाठीत कळ आहे, पाय थोडे हलतात. शेजारी त्याला चौघांनी उचलून गाडीत घालतात. ग्रामीण रुग्णालयात सलाईन, वेदनाशामक आणि रेफरची चिठ्ठी. एमआरआय तिथे नाही, त्यामुळे जालना, बुलढाणा किंवा छत्रपती संभाजीनगर. मध्ये एखाद्या खासगी दवाखान्यात थांबा. शेवटी शस्त्रक्रिया होते आणि दोन्ही पाय लुळे राहतात.

पाय नेमके कुठे गेले? रेफरच्या चिठ्ठीवर 'पडल्याने पाठदुखी, पुढील उपचारासाठी पाठवले' एवढेच असेल तर हे कोणालाच सांगता येणार नाही. मधल्या दवाखान्याचा कागद हरवलेला असेल. शेवटच्या रुग्णालयाच्या नोंदीत 'दाखल होताना पायांत ताकद नाही' असे असेल तर इजा आधीच झाली होती, असे धरले जाईल. ती नोंद नसेल तर सगळा दोष शेवटच्या शल्यविशारदावर येईल, मग खरी हानी वाटेतच झालेली का असेना. बीबीच्या डॉक्टरने एकच ओळ लिहिली असती, की दुपारी अमुक वाजता दोन्ही पायांची ताकद पाचपैकी तीन, लघवी होते, पाठ फळीवर बांधून पाठवले, तर पुढच्या साखळीतल्या प्रत्येकाची जबाबदारी स्पष्ट झाली असती. आणि अशी ओळ लिहिण्यासाठी एमआरआय लागत नाही, टाचणी आणि घड्याळ पुरते.

अपघातातल्या जखमींसाठी ही नोंद आणखी महत्त्वाची आहे. समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा आणि मेहकर परिसरातून जातो. भरधाव वाहनांच्या अपघातात मानेच्या आणि पाठीच्या इजा होतात. अशा रुग्णाचे दोन दावे असू शकतात. एक मोटार अपघात न्यायाधिकरणात वाहनाच्या विम्याविरुद्ध आणि दुसरा, उपचारांत खरोखर हयगय झाली असेल तर, रुग्णालयाविरुद्ध. कोणती हानी कोणाच्या खात्यावर, हे ठरवणारा कागद तोच पहिला कागद असतो.

सही म्हणजे संमती नव्हे

मणक्याच्या शस्त्रक्रियेत कितीही कौशल्य असले तरी थोडा धोका राहतोच. प्रश्न असतो तो रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगितला होता का. इंग्लंडमधल्या सिडवे खटल्यात मानेच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अपंगत्व आले. मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका एक टक्क्याच्या आसपास होता आणि तो सांगितला नव्हता. १९८५ मध्ये ती रुग्ण हरली, कारण तेव्हाची वैद्यकीय पद्धत तशीच होती. तीस वर्षांनी, २०१५ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भूमिका बदलली आणि रुग्णाला जे महत्त्वाचे वाटेल ते सांगितलेच पाहिजे असे ठरवले.

भारतात २००८ च्या समीरा कोहली निकालाने संमतीचे नियम स्पष्ट केले. आजार काय, उपचार काय, पर्याय काय, मोठे धोके काय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे पुरेसे सांगून घेतलेली संमतीच खरी. तपासणीसाठीची संमती उपचाराला चालत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद. म्हणून ऑपरेशन थिएटरच्या दारात, इंग्रजी छापील अर्जावर, रिकाम्या जागा तशाच ठेवून घेतलेली सही रुग्णाचे समाधान करत नाही आणि न्यायालयात डॉक्टरचेही रक्षण करत नाही. दुसरीकडे, धोका नीट सांगितला होता आणि तोच दुर्दैवाने घडला, तर केवळ परिणाम वाईट झाला म्हणून भरपाई मिळत नाही.

दाद कुठे आणि किती दिवसांत

१९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. पैसे देऊन घेतलेला उपचार त्यात येतो. विमा कंपनीने किंवा मालकाने बिल भरले तरी येतो. ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत उपचार देतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहकच. मात्र जिथे सर्वांनाच सर्व उपचार मोफत मिळतात, ते रुग्णालय या कायद्याच्या बाहेर राहते.

म्हणजे सरकारी रुग्णालयात हयगय झाली तर दाद नाही, असे नव्हे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटात कापडाचा बोळा राहून एका महिलेचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरले आणि ३६ हजार रुपये व व्याज देण्याचा आदेश कायम केला. मार्ग दिवाणी न्यायालयाचा होता आणि त्याला ३३ वर्षे लागली. सरकारविरुद्ध दिवाणी दावा करण्याआधी सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मूलभूत हक्कांवर गदा आली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने काही गोष्टी सोप्या केल्या. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. बीबीच्या रुग्णाचे ऑपरेशन नागपूर किंवा पुण्याला झाले असले तरी बुलढाण्याच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. कोणत्या आयोगात जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, उपचारासाठी मोजलेल्या पैशांवर ठरते. ५० लाखांपर्यंत बिल भरले असेल तर जिल्हा आयोग. त्यामुळे भरपाईची मागणी कोटीची असली तरी ग्रामीण रुग्णाचे जवळजवळ प्रत्येक प्रकरण जिल्ह्यातच चालेल. ५ लाखांपर्यंतच्या बिलासाठी शुल्क नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागता येते आणि अपंग व्यक्तीला ती उत्पन्नाची अट न लावता मिळते.

मुदत मात्र कडक आहे, दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेची १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. पोटात राहिलेले गॉज २००२ मध्ये निघाले आणि तक्रार २००४ मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. वैद्यकीय क्षेत्रातली व्यक्ती इतकी वर्षे वेदना सोसत राहिली आणि तिने तपास केला नाही, हे न्यायालयाला पटले नाही. मणक्याच्या रुग्णाची पहिली दोन वर्षे दवाखाने, फिजिओथेरपी आणि 'पाय परत येतील' या आशेत जातात. मुदत संपते ती याच काळात.

तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात लागतेच असे नाही, हे २०१० च्या व्ही. किशन राव निकालाने स्पष्ट केले. चुकीच्या पातळीवर शस्त्रक्रिया झाली असेल तर ते एक्स-रेच सांगतो. पण मज्जारज्जूवर दाब कधी आला, तो वेळीच ओळखता आला असता का, यासाठी तज्ज्ञ लागतो. आणि तज्ज्ञ मत देतो तेही केसपेपर वाचूनच.

भरपाई आयुष्याची मोजायची

मणक्याच्या इजेत खर्च संपत नाही. लघवीच्या नळ्या, डायपर, हवेची गादी, व्हीलचेअर, फिजिओथेरपी, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे सोबतीचा माणूस. महिना १० हजार रुपये मजुरीने सोबतीला माणूस ठेवला तर तीस वर्षांचे ३६ लाख होतात. साहित्य आणि औषधांचे महिना ३ हजार धरले तर आणखी १० लाख ८० हजार. यात महागाई धरलेली नाही, गेलेले उत्पन्न धरलेले नाही आणि वेदनेचा हिशेबही नाही.

हैदराबादच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असाच पुढच्या तीस वर्षांचा विचार करून परिचारिका, फिजिओथेरपी आणि ने-आण करणारा मदतनीस यांचा खर्च वेगवेगळा धरला. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळाची दृष्टी गेल्याच्या प्रकरणात २०१५ मध्ये महागाईचाही हिशेब केला आणि रक्कम सुमारे १ कोटी ८० लाखांपर्यंत गेली. सोबतीचे काम घरातल्या बाईने केले म्हणून ते फुकट धरले जाऊ नये. तिची बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे आणि तक्रारीत तो लिहिला पाहिजे.

अपंगत्वाच्या टक्केवारीबाबतही गैरसमज आहे. प्रमाणपत्रावर ५० टक्के असले म्हणजे कमाई निम्मी झाली असे नव्हे. २०१० च्या राजकुमार निकालात, मोटार अपघाताच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट सांगितला. बैठे काम करणाऱ्याचे पाय अधू झाले तर तो काही कमवू शकेल, पण ज्याचे पोट नांगर, फवारणी आणि सोंगणीवर आहे त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. म्हणून प्रमाणपत्रासोबत तो काय काम करत होता याचाही पुरावा जोडावा. सातबारा, रोजगार हमीचे जॉबकार्ड, मुकादमाचे पत्र, जे असेल ते.

कुटुंबाने आणि रुग्णालयाने काय करावे

केसपेपरची प्रत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते आणि डॉक्टरने नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रुग्णालयांना प्रती नाकारता येणार नाहीत असे स्पष्ट केले होते. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. फक्त डिस्चार्ज कार्ड पुरेसे नसते. परिचारिकांच्या नोंदी, भुलेचा तक्ता, शस्त्रक्रियेचे टिपण, संमतीपत्र, एमआरआयच्या फिल्म आणि रेफरच्या सर्व चिठ्ठ्या हव्यात. घरातल्या कोणीतरी वहीत तारीख-वेळ लिहून ठेवावी. पाय कधी हलणे थांबले, कोणाला सांगितले, कोण केव्हा बघायला आले. दवाखान्यात तोडफोड केल्याने गुन्हा दाखल होतो, आणि ज्या कागदांवर दावा उभा राहायचा तेच त्या गोंधळात नाहीसे होऊ शकतात.

रुग्णालयांच्या बाजूने मागणी अवघड नाही. मणक्याच्या किंवा कमरेतून भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णाची हातापायांची ताकद, स्पर्श आणि लघवी यांची वेळेसह नोंद, दाखल होताना, शस्त्रक्रियेनंतर आणि पहिल्या रात्री ठरावीक अंतराने. ताकद एका अंकाने जरी कमी झाली तरी वरिष्ठांना फोन, आणि फोन केल्याची वेळ कागदावर. मागाहून घातलेली नोंद शाईवरून, ओळींच्या दाटीवरून ओळखू येते आणि निर्दोष डॉक्टरलाही संशयात टाकते. राज्याच्या आरोग्य विभागाने रेफरच्या चिठ्ठीतच या चार ओळींचा छापील चौकोन टाकला तर त्याला वेगळा निधी लागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत एकच नमुना चालेल आणि १०८ रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरलाही तो भरता येईल.

या चौकोनाचा पहिला फायदा न्यायालयातला नाही. पायाची ताकद दर दोन तासांनी लिहायची म्हटले की ती दर दोन तासांनी तपासावी लागते, आणि तपासली तर कमी होत असल्याचे वेळेत कळते. साकळलेले रक्त काही तासांत काढले तर पाय वाचू शकतात, सकाळच्या राऊंडपर्यंत थांबले तर बहुधा नाही. ही नोंद नियमित होऊ लागली तर भरपाईचे काही दावे दाखल करण्याची वेळच येणार नाही.